पांढरा-निळा, पांढरा-नारिंगी

सांबरेकर अण्णा तुम्हाला काहीही विचारतात तेव्हा उजव्या हाताचं पहिलं बोट वर करून धरतात. तुम्ही उत्तर देता. बोट तसंच. ऐकू गेलं नसेल म्हणून तुम्ही मोठ्यांदा सांगता, तरी बोट तसंच. शेवटी तुम्ही कंटाळून गप्प बसता. अण्णा ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत राहतात आणि बऱ्याच वेळानं बोट खाली घेऊन म्हणतात, "हां. आता सांग."

राजाजीनगरातल्या त्यांच्या घराचा वरचा मजला भाड्यानं बघायला गेले, तेव्हा पहिलाच प्रश्न आला, "एकटीच राहणार काय?" मी म्हटलं, "हो." बोट वर. "हो, एकटीच. ऑफिस इंदिरानगरला आहे, आई-बाबा पुण्याला असतात." बोट वरच. माझं डोकं फिरायला लागलं. एवढी चौकशी करून वर ऐकून घ्यायची तयारी नाही म्हणजे काय! मी रागानं गप्प बसले. आणि त्या गप्प बसण्यात काय झालं देव जाणे, माझ्या तोंडून निघून गेलं, "एकटं राहायची भीती वाटते हो जरा." बोट खाली आलं.

"हे तुझं उत्तर. आधीची दोन्ही तोंडाची होती," असं म्हणून अण्णांनी माझ्या हातात किल्ली ठेवली.

मी पुण्याची. समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत थांबणं म्हणजे वेळेचा चुराडा, असं मानणाऱ्या घरात मी वाढले. आमच्याकडे जेवताना पाच माणसं एकदम बोलतात आणि तरी प्रत्येकाला दुसऱ्याचं कळलेलं असतं, किंवा तसं वाटतं तरी. अशा मुलीला घरमालक भेटावा तर असा! सकाळी जिन्यातून धावत उतरताना "जेवण घेतलीस काय?" असा प्रश्न आला की माझी मेट्रो चुकलीच म्हणून समजा.

अण्णा बेळगावकडचे. टेलिफोन खात्यात केबल जोडायचं काम करत करत बेंगळुरात आले आणि इथलेच झाले. या कामाबद्दल ते कोणालाही, कुठंही सांगू शकतात. मनगटाएवढी जाड केबल, तिच्या पोटात शेकडो बारीक तारांच्या जोड्या. पावसाळ्यात पाणी शिरलं की अख्ख्या गल्लीचे फोन मुके. मग रस्त्यात खड्डा खणायचा, आत उकिडवं बसायचं आणि अलीकडची प्रत्येक तार पलीकडच्या तिच्याच जोडीदाराला नेऊन भेटवायची. चुकायचं नाही. चुकलं तर भटजींचा फोन खाटकाकडे लागतो. हे वाक्य मी दोन वर्षांत शंभरदा ऐकलं असेल.

तारा ओळखायच्या रंगावरून. पंचवीस जोड्यांचा एक गठ्ठा. पांढरा-निळा, पांढरा-नारिंगी, पांढरा-हिरवा, पांढरा-तपकिरी, पांढरा-राखाडी. मग लाल-निळा, लाल-नारिंगी, असं करत काळा, पिवळा आणि शेवटी जांभळा. बोट वर धरून अण्णा जे पुटपुटायचे ते हेच. मला आधी वाटायचं काही स्तोत्र असेल.

या बोटापायी माणसानं किती हाल करून घ्यावेत? रिक्षावाल्याला "मल्लेश्वरम् बरतीरा?", येणार का, असं विचारून अण्णा बोट वर करून उभे राहायचे. तो "सरी, हत्ती", म्हणजे ठीक आहे, चढा, म्हणायचा आणि हे बसायचेच नाहीत! लालपर्यंत यायच्या आत रिक्षा गेलेली असायची. कस्टमर केअरचं तर विचारूच नका. "कन्नडसाठी एक दाबा" असं मशीन म्हणालं की अण्णा त्याचं बोलणं खरंच संपलंय का याची वाट बघत बसायचे, तोवर फोन कट. "यंत्राला सबूर नाही गे," ते मला सांगायचे. "माणसाला तरी पाहिजे न्हवं?" भाजीवाली तर त्यांना लांबून बघितलं की गाडा पलीकडच्या गल्लीत वळवायची.

मी ऑफिसात त्यांची नक्कल करून दाखवायचे. सगळे पोट धरून हसायचे. आज ते आठवलं की माझं मलाच बरं वाटत नाही.

कारण मग मला सुमनअक्का कळल्या.

अक्का म्हणजे अण्णांची बायको. खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसलेल्या असायच्या. पहिला महिना मी रोज "नमस्कार अक्का" म्हणत गेले आणि त्यांनी एकदाही उत्तर दिलं नाही. नजर माझ्यावर, चेहरा कोरा. मला राग आला. घरमालकीण असाल, म्हणून एवढा तोरा? मी नमस्कार करणं बंद केलं. हा माझा स्वभाव, माणूस निकालात काढायला मला वेळ लागत नाही.

एका रविवारी अक्कांची मावसबहीण आली, शांताबाई. मी पाण्याचा पंप लावायला खाली गेले होते, म्हणून हे सगळं माझ्यासमोर घडलं. "सुमे, ओळखलीस काय मला?" शांताबाईंनी विचारलं. अक्का गप्प. अण्णांचं बोट वर. शांताबाईंनी पुन्हा विचारलं, खांदा हलवून विचारलं, मग डोळ्याला पदर लावून अण्णांना म्हणाल्या, "हिला आता काहीच समजंना झालंय बघा." अण्णा "स्वल्प थांबा, लाइन जोडालीय," म्हणतायत, तोवर बाई चपला घालून फाटकाबाहेर. फाटक वाजलं आणि अक्का अगदी स्पष्ट म्हणाल्या,

"शांता. चष्मा बदललीस."

अण्णा लुंगीवर, अनवाणी, बसस्टॉपपर्यंत पळाले. तो निरोप पोचवायला! शांताबाई बसमध्ये चढल्या होत्या. बसबरोबर पळत, खिडकीवर हात मारत अण्णा ओरडत होते, "ओळखली! ओळखली की! चष्मा म्हणाली!" रस्त्यावरचे लोक हसत होते. मीही हसले असते, पण माझ्या एकदम लक्षात आलं. म्हणजे महिनाभर माझ्या प्रत्येक नमस्काराला उत्तर येत होतं. मी तोपर्यंत कोपऱ्यावर पोचलेली असायचे.

दुसऱ्या दिवशी मी "नमस्कार अक्का" म्हटलं आणि जिन्याच्या पायरीवर बसले. मनात रंग म्हणायला लागले. काळा-हिरव्याला उत्तर आलं. "नमस्कार. केस ओले आहेत, सर्दी होईल."

त्यांना डॉक्टरकडे न्यायचं ठरलं तेव्हा अण्णा मलाही घेऊन गेले. डॉक्टर तरुण होता, भला होता, पण बाहेर रांग लागलेली. त्यानं कागद पुढे ओढला आणि कन्नडात विचारायला सुरुवात केली. हे गाव कुठलं? अक्का गप्प. त्यानं काट मारली. आज वार कुठला? अक्का म्हणाल्या, "बेंगळूर." काट. मग पेन दाखवून, हे काय आहे? "मंगळवार." काट. बरं, आता दोनातून एक गेला किती? "पेन." डॉक्टरनं अण्णांकडे फार दयेनं बघितलं.

अण्णा खुर्चीवरून उठले. एवढा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "सगळी बरोबर आहेत! एकेक घर मागं आहेत, तेवढंच! तुम्ही पुढचा नंबर फिरवालाय, ती अजून मागचा उचलालीय!"

डॉक्टरनं कागदाकडे बघितलं. खालून वर बघितलं. मग त्यानं, त्याचं मी आजही कौतुक करते, पेन खाली ठेवलं, घड्याळ उपडं केलं आणि सगळे प्रश्न पहिल्यापासून विचारले. प्रत्येक प्रश्नानंतर अण्णांचं बोट वर. अक्कांची दोन उत्तरं चुकली. फक्त दोन.

मग त्यानं आम्ही आणलेली मेंदूच्या स्कॅनची फिल्म दिव्यासमोर लावून आम्हाला समजावलं. मेंदूच्या वरच्या थरात विचार होतात, आठवणी राहतात असं आपण म्हणतो, पण एका भागातलं दुसऱ्या भागात पोचवायला आत पांढऱ्या तंतूंचं जाळं असतं. त्या तंतूंवर आवरण असतं म्हणून निरोप भराभर धावतो. अक्कांचा रक्तदाब कित्येक वर्षं वाढलेला असणार. त्यानं आतल्या केसासारख्या रक्तवाहिन्या खराब झाल्या आणि त्यांच्या आधारावरचे तंतू जागोजागी झिजले. फिल्मवर ढगासारखे डाग दिसत होते ते तेच. "त्या विसरलेल्या नाहीत," डॉक्टर म्हणाला. "आळशी नाहीत, हट्टी नाहीत. उठायचं, बोलायचं, घास उचलायचा, हा हुकूमच उशिरा पोचतो. वाट खराब झालीये. कधी एकदम रडू येईल, तेही त्यामुळंच."

"म्हणजे दोन्हीकडची एक्सचेंज चालू, मधली केबल भिजलीय," अण्णा म्हणाले.

"अगदी तसंच," डॉक्टर म्हणाला.

"जोडायला येतंय काय?"

अण्णांनी बोट वर केलं. बराच वेळ वर धरलं. मग डॉक्टरच खाली बघून म्हणाला, "नाही हो. आहे ते सांभाळायचं, एवढंच."

बाहेर पडताना दारात अण्णा थांबले. "हे किती वर्षांपासून व्हालतं?" त्यांनी विचारलं. डॉक्टर म्हणाला, दहा, पंधरा, नक्की कोण सांगणार. परत येताना रिक्षात अण्णा ती फिल्म पुन्हा पुन्हा उजेडात धरून बघत होते.

त्यानंतर ती फिल्म त्यांच्या खिडकीच्या काचेवर चिकटवलेली असायची, आणि दूधवाला असो, मीटर बघायला आलेला माणूस असो, प्रत्येकाला ते त्यावर बोट ठेवून दाखवायचे, "हे बघा, इथं पाणी शिरलंय." मी एकदा चिडून म्हटलं, "अण्णा, कशाला गावभर सांगताय? लोकांना काय पडलंय?" ते म्हणाले, "लोक तिला वेडी म्हणालेत गे. वेडी नाही, एवढं तरी कळू दे."

आणि मग, फिल्मकडेच बघत, त्यांनी मला ते सांगितलं. त्या सगळ्या वर्षांत अक्का संध्याकाळी म्हणायच्या, डोकं जड झालंय. अण्णा खड्ड्यातून चिखलानं माखून यायचे आणि म्हणायचे, गोळी घे, पड जरा. "एक दिवस दवाखान्यात नेलो असतो तर? एक दिवस! गावातल्या सगळ्यांचे फोन लागावेत म्हणून पळालो. घरातलं तार झिजालतं, ते बघितलो नाही." मूलबाळ नव्हतं. त्यांना दोघांनाच एकमेकांचं बघायचं होतं, आणि एकानं बघितलं नाही, असं त्यांचं म्हणणं.

"तिला राग असंल काय गे माझा?"

"छे हो अण्णा, राग कसला!" मी म्हटलं. बोट वर होतं. माझं उत्तर तोंडाचं होतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

"मग विचारा ना अक्कांनाच."

"विचारायचं आहे की. पण..." अण्णा थांबले. "होय म्हणाली तर?"

वर्षभर त्यांनी विचारलं नाही. त्या वर्षात काळा-हिरवा मागं पडला. पिवळा-निळा झाला, मग जांभळा, मग पंचवीसच्या पंचवीस जोड्या संपून दुसरी फेरी सुरू व्हायला लागली. भेटायला येणारे यायचे बंद झाले. आंघोळ घालणं, भरवणं, सगळं अण्णाच करायचे. एक घास द्यायचे आणि रंग म्हणत बसायचे. जेवणाला दीड तास लागायचा. मी वरून ऐकायचे. सुट्टीच्या दिवशी ते ऐकून मला काही सुचायचं नाही.

मग अन्न चुकीच्या वाटेनं छातीत गेलं, ताप आला, आणि अक्का हॉस्पिटलात गेल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी मी ऑफिसातून अर्धी रजा टाकून गेले. अक्का जाग्या होत्या. अण्णा कॉटला टेकून उभे होते, आणि मी आत शिरतेय तोवर त्यांनी विचारूनच टाकलं.

"सुमन, डोकं जड झालंय म्हणायचीस, मी लक्ष दिलो नाही. माझ्यावर राग आहे काय?"

बोट वर. पहिली फेरी गेली. दुसरी गेली. मी दाराशीच उभी. तिसऱ्या फेरीत नर्स आली, डॉक्टर खाली बोलावतायत, सही हवी, आत्ताच. अण्णा जागचे हलेनात. तिनं पुन्हा सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"पिवळा-हिरवा झालाय. पुढं धर. काय बोलली तर ऐकून ठेव. मधे बोलू नको हां."

मी बोट वर केलं. पिवळा-तपकिरी. पिवळा-राखाडी. जांभळा-निळा. जांभळा-नारिंगी. अक्कांचे ओठ हलले.

"तेव्हा..." त्या म्हणाल्या.

मी वाकले. पुढचं येईना. त्यांच्या कपाळावर आठी पडली, ओठ उघडे, डोळे माझ्यावर, आणि ती धडपड मला बघवेना हो! दोन वर्षं शिकलेलं सगळं गेलं, आणि माझी ही पुणेरी जीभ सुटली. "राग नाही ना अक्का? नाहीच. मला माहितीये. मी सांगते अण्णांना, तुम्ही दमू नका."

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. मग तोंड मिटलं.

अण्णा धापा टाकत परत आले. "काय बोलली?" मी म्हटलं, "काही नाही." राग नाही म्हणाल्या, असं खोटं सांगायचीही हिंमत झाली नाही आणि खरं सांगायचीही. अण्णा पुन्हा बोट वर करून बसले. दोन दिवस बसले. त्यानंतरच्या सकाळी अक्का गेल्या.

चार महिने मी जिन्यातून चोरासारखी ये-जा केली. अण्णा पार खचले. लोकांना प्रश्न विचारायचेच बंद झाले, बोट वर करायचं कारणच उरलं नाही. भाजीवाली आता त्यांच्या दारात गाडा थांबवते आणि तीच विचारते, "अण्णा, एनु बेकु?" काय हवंय ते न सांगता ते हाताला येईल ते घेतात. फिल्म अजून काचेवर आहे.

गेल्या रविवारी मी खाली गेले, वेताच्या रिकाम्या खुर्चीसमोर जमिनीवर बसले आणि सगळं सांगून टाकलं. त्या बोलत होत्या, मी मधे बोलले. रडू आवरेना. अण्णा मला घराबाहेर काढतील असं वाटलं, आणि काढलं असतं तरी माझं काही म्हणणं नव्हतं.

अण्णांनी विचारलं, "कुठल्या रंगाला?"

"तिसऱ्या फेरीत. जांभळा-नारिंगी."

"काय म्हणाली?"

"'तेव्हा.' एवढंच."

"तेव्हा," अण्णा म्हणाले. ते खिडकीशी गेले, फिल्मवरच्या डागांवरून हळूहळू बोट फिरवत राहिले. "तेव्हा म्हणजे लांबचं की गे. एवढ्या भिजलेल्या केबलीतून तिथवर गेली? 'होय' जवळ असतंय. 'नाही' पण जवळ. एका शब्दाचं काम. ही कशाला एवढ्या लांब गेली?"

ते वळले. चार महिन्यांनी त्यांचं बोट वर गेलं.

"खरं सांग. राग होता काय?"

नव्हता, हे माझ्या जिभेच्या टोकावर होतं. मी ते गिळलं. पांढरा-निळा, पांढरा-नारिंगी. अण्णांचे ओठ हलत होते, माझेही. लाल गेला. काळा गेला. बाहेर कुणीतरी स्कूटर लावली. पिवळ्याशी मला अक्कांच्या कपाळावरची आठी दिसली, आणि ते उघडे ओठ.

"थोडा असेल, अण्णा," मी म्हटलं. "पण त्या तुम्हाला सगळं सांगायला निघाल्या होत्या."

बोट खाली आलं. अण्णा रिकाम्या खुर्चीचा हात धरून बराच वेळ उभे राहिले, आणि मी मधे काही बोलले नाही.